आंबिवलीची भाऊबीज

दिवाळी अंकातले प्रवासवर्णन म्हटले की लेखकाने निदान काश्मीरपर्यंत तरी जाऊन यावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. माझी मजल मात्र आंबिवलीच्या पुढे फारशी गेलेली नाही. मुंबईपासून साठेक किलोमीटर, जायला दीड-पावणेदोन तास, आणि मध्य रेल्वेची कृपा असली तर रात्रीच्या जेवणाला परत घरी. धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे गेली तेव्हापासून दर भाऊबीजेला दादरहून कसारा लोकल पकडायची, हा माझा नेम आहे.

कल्याणपर्यंतचा प्रवास प्रवास नव्हेच. ती नुसती उभे राहण्याची तपश्चर्या. कल्याणला मात्र रेल्वेला फाटा फुटतो. एक वाट कर्जतवरून पुण्याकडे जाते, दुसरी कसाऱ्यावरून नाशकाकडे. आपण दुसरीवर असलो की शहाड येते, आणि शहाड सुटले की गाडी खडखडत उल्हास नदीचा पूल ओलांडते. तिथे मला दर वेळी वाटते, की आता मुंबईचा हात सुटला. पुढचे स्टेशन आंबिवली. त्याच्या पुढे काळू नदी आणि मग टिटवाळा. गणपतीबाप्पाही आंबिवलीला उतरला नाही, पुढच्या टिटवाळ्याला जाऊन बसला, असे माझे मेहुणे म्हणतात. त्यामुळे अंगारकीला लाखो माणसे आंबिवलीवरून जातात, आंबिवलीला मात्र कोणी येत नाही.

गेल्या वर्षी हा नेम मोडला. जूनचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता आणि बहिणीचा फोन आला, "दादा, शनिवारी येऊन जा. हिच्या पुढच्या शिक्षणाचं ठरवायचंय. सोमवारी पैसे भरायचेत."

भाची बारावी झाली होती. विज्ञान शाखा, गुण बेताचे. तिला नर्स व्हायचे होते.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो. त्याचे कारण आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सगळे नीट कळेल. १९९२ साली माझ्या या बहिणीने नर्सिंगचा अर्ज आणला होता. वडील नव्हते, घरात कमावता मी. तिने अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि मी म्हणालो, "रात्रपाळ्या, परक्या माणसांची उस्तवार... आपल्या घरात हे चालायचं नाही." तिने अर्ज घडी करून उचलला. भांडली नाही, रडली नाही. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी तिला चांगली किमती साडी घेतली. तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही या विषयावर एक अक्षर बोललो नव्हतो.

आंबिवलीला उतरलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. स्टेशनबाहेर नेहमीची गर्दी: रिक्षा, वडापाव, छत्र्या दुरुस्त करणारा. या भागाचा पिंड समजायचा तर शेजारच्या मोहन्याच्या एन.आर.सी.ची, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनची गोष्ट सांगावी लागते. कारखाना आला, कामगारांची वसाहत आली, आणि मोहने, अटाळी, वडवली या गावांचे दिवस पाळ्यांच्या घड्याळावर चालू लागले. २००९ साली तो कारखाना बंद पडला. रेयॉनच्या धाग्यावर तोललेली किती घरे एकदम लोंबकळली असतील, याचा हिशेब कोणी मांडावा? तेव्हापासून इथले आईबाप मुलांना एकच सांगतात: नोकरी कंपनीची असते, विद्या आपली असते. माझे मेहुणे कल्याणला एका दुकानात हिशेब लिहितात. तेही हेच सांगतात.

घरी पोचलो तर टेबलावर एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक. 'एका वर्षात नर्स व्हा. नोकरीची हमी.' क्लास रिक्षाने दहा मिनिटांवर, एका दुकानाच्या माडीवर. वसतिगृह नको, लोकलचा धक्का नको, मुलगी संध्याकाळी घरात. मेहुण्यांना ते पसंत होते. "दादा, चार वर्षं काढण्यापेक्षा एका वर्षात पायावर उभी राहील. नर्स ती नर्स!"

बहीण चहा गाळत होती. ती काहीच बोलली नाही. मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले नाही.

भाची म्हणाली, "मामा, वडवलीला एक सिस्टर राहतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यात. त्यांना विचारायचं का?"

अठरा वर्षांच्या मुलीला सुचते ते आम्हा मोठ्यांना सुचले नव्हते. छत्र्या घेऊन निघालो. सिस्टर दारातच बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपास वय, पाठ ताठ. त्यांनी माहितीपत्रक लांब धरून वाचले, घडी घातली आणि भाचीला विचारले, "बाळ, हे शिकून झाल्यावर तुझं नाव कुठल्या वहीत चढणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

"अहो, वकिलाची सनद असते ना, तशी आमची नोंदणी असते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत नाव चढलं तर ती नोंदणीकृत परिचारिका. नाही चढलं, तर पांढरे कपडे घालून फिरली तरी ती मदतनीस. मदतनिसाचं काम कमी दर्जाचं नाही हो. पण मग तसं सांगून शिकवा! उद्या सरकारी जाहिरात निघाली, मोठ्या रुग्णालयाने बोलावलं, परदेशी जायचं झालं, तर पहिला प्रश्न नोंदणीचा. तिथे हा कागद चालत नाही."

मग त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. वाचकांच्या घरातही असा प्रश्न आज ना उद्या यायचा, म्हणून तो इथे उतरवून ठेवतो.

पहिली वाट ए.एन.एम.ची. दोन वर्षांची, बारावी कोणत्याही शाखेची चालते. गावच्या उपकेंद्रात लसी टोचणारी, बाळंतिणींकडे जाणारी नर्सबाई ती हीच. तिचीही कौन्सिलमध्ये नोंद होते, पण साहाय्यक परिचारिका म्हणून. दुसरी वाट जी.एन.एम.ची. तीन वर्षांची, विज्ञानाला पसंती, पण कला आणि वाणिज्यवाल्यांनाही दार उघडे, इंग्रजीत मात्र पास हवे. तिसरी बी.एस्सी. नर्सिंगची. चार वर्षांची, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवे, शिवाय प्रवेश परीक्षा. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेने गेलेल्या दोघीही नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसविकाच होतात.

"मग पदवीवालीच मोठी ना?" मेहुण्यांनी विचारले.

"पुढे शिकवायला, वरच्या जागांवर जायला पदवीचा फायदा होतो, खोटं कशाला सांगू? पण जी.एन.एम.ची वाट तिथे संपत नाही. नोंदणी झाली, की पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून तीच बी.एस्सी. हातात येते. मी तसंच केलं. आधी पगार, मग पदवी."

प्रवेश परीक्षेचा विषय निघाला तेव्हा भाचीने मान खाली घातली. अर्ज भरायची मुदत तिच्या लक्षातच आली नव्हती. म्हणजे त्या वर्षापुरते पदवीचे दार बंद झाले होते.

"मग वर्ष फुकट घालवू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "जी.एन.एम.चे अर्ज बघ. आणि कुठेही जा, दोनच गोष्टी विचार. संस्थेचं नाव कौन्सिलच्या यादीत आहे का? आणि शिकणाऱ्या मुली कुठल्या रुग्णालयात, किती खाटांच्या वॉर्डात उभ्या राहतात? आमची विद्या फळ्यावर येत नाही. रोग्याच्या उशाशी येते."

निघताना त्या आणखी एक सांगून गेल्या. २०२३ साली संसदेने नर्सिंगसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला. "पाट्या बदलतील, बाळ. नोंदवही राहणारच."

परतताना वाट वाकडी करून त्या माडीवरच्या क्लासात गेलो. एक नम्र तरुण टेबलामागे होता. भाचीनेच विचारले, "सर, कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होईल ना?"

"सर्टिफिकेट मिळेल ना!" तो म्हणाला.

"ते कळलं. नोंदणी?"

"सर्टिफिकेट चांगलं आहे आमचं. फ्रेमसकट देतो."

जिना उतरताना मेहुणे हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "सोमवारी पैसे भरले असते हो, दादा."

मला माझेच हसू आले नाही. फसवणूक त्या माडीवरचीच असते असे थोडेच आहे? १९९२ साली मी तरी कोणती चौकशी केली होती? मध्यमवर्गीय घरांना आजारपणात सिस्टर हवी असते, ती केरळहून आलेली असली तर तिच्या सेवेची आपण तोंडभर स्तुती करतो. फक्त ती आपल्या घरातून जायला नको असते. वास्तविक ही विद्या मुंबईला जुनी आहे. बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून प्रशिक्षणाला दाखल झाल्या ते १८९१ साल होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लंडनला पहिली शाळा काढून तेव्हा अवघी एकतीस वर्षे झाली होती. मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे नर्सिंग महाविद्यालय १९६४ सालचे. म्हणजे माझी बहीण अर्ज घेऊन आली तेव्हा दारे केव्हाचीच उघडी होती. कडी मी लावली होती.

रात्री जेवताना खरा प्रश्न निघाला. जी.एन.एम. म्हणजे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची शाळा, आणि शाळा म्हणजे वसतिगृह. सकाळची पाळी सांभाळायला आंबिवलीहून पहाटेची लोकल तीन वर्षे कोण पकडणार? मेहुणे म्हणाले, "रात्रपाळी, वसतिगृह... एकुलती एक पोर."

पुन्हा तेच शब्द. मी बहिणीकडे पाहिले. आता तिने माझ्याकडे पाहिले. "दादा, तू सांग," एवढेच म्हणाली.

मी ताटावरून हात उचलला. "मेहुणे, मी एकदा हेच बोललो होतो. चूक केली. तेव्हा मला भीती तिच्या पाळीची नव्हती, लोक काय म्हणतील याची होती. रात्री आपण आजारी पडलो तर दिवा घेऊन कोणाची तरी मुलगी जागी असावी लागते. ती आपली का नसावी?"

कोणीच काही बोलले नाही. बाहेर पाऊस वाढला होता. थोड्या वेळाने बहिणीने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली, न विचारता. तीस वर्षांत तिने एवढी मोठी क्षमा दुसरी कोणती केली असेल असे मला वाटत नाही.

भाचीला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या शाळेत जी.एन.एम.ला जागा मिळाली. ट्रंक पोचवायला मेहुणे स्वतः गेले आणि वसतिगृहाच्या फाटकाशी रडून आले, असे बहीण सांगते. मेहुणे ते नाकबूल करतात.

गेल्या भाऊबीजेला मी नेमाप्रमाणे आंबिवलीला गेलो. भाची चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती. फराळाआधी तिने साऱ्या वाड्याच्या नाड्या मोजल्या, मेहुण्यांना चकल्या मोजून दिल्या, आणि रोग्याला न दुखवता चादर कशी बदलायची ते माझ्यावर प्रयोग करून दाखवले. हात अजून नवखे होते. पण थरथरत नव्हते.

बहिणीने ओवाळले. ताटात मी पाकीट ठेवले. तिने ते उघडलेसुद्धा नाही, सरळ भाचीच्या हातात दिले.

"जपून ठेव," ती म्हणाली. "तीन वर्षांनी नोंदणीची फी भरायची आहे ना? ती मामाची."