येवल्याची पुढची खोली

मनमाडहून दक्षिणेकडे निघाले की अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसतात आणि थोड्याच वेळात येवला येते. हे तात्या टोपे यांचे जन्मगाव. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही इथेच. मी मात्र गेलो होतो तो पैठणीच्या गावी. आणि खरे सांगायचे तर पैठणी विकत घेण्यासाठीही नव्हे.

अलीकडे माझ्या दवाखान्यात घरातून स्वतःचे काम करणारी माणसे पुष्कळ येतात. कोणी निवृत्तीनंतर हिशेब लिहितात, कोणी शिवणकाम करतात, कोणी दिवाळीच्या फराळाच्या मागण्या घेतात. वय साठीच्या पुढचे, हौस दांडगी आणि तक्रार बहुधा एकच : ‘डॉक्टर, दिवस सुरू कधी होतो आणि संपतो कधी, हेच कळत नाही.’ या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जगून काढले, त्यांची घरे पाहावीत, एवढाच माझा हेतू होता.

वाचकहो, येवल्यातल्या विणकराच्या घरी जाल तर पुढच्या खोलीत पाऊल टाकताना जरा जपून. जमिनीतच खड्डा असतो. विणकर त्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडून पावड्या दाबतो आणि समोर ताणलेल्या रेशमात एकेक धागा भरत जातो. हा माग उचलून कोठे नेता येत नाही. मला वाटते, विणकराचे अर्धे स्वास्थ्य याच अडचणीत आहे. आपला संगणक पलंगावर येतो, हिशेबाच्या वह्या जेवणाच्या ताटाशेजारी येतात. इथे माणूस खड्ड्यातून पाय वर काढतो आणि दोन पावलांवरच्या आतल्या खोलीत जातो, तेव्हा काम मागे राहिलेले असते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. पदरावरचे मोर किंवा असावली विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हाताने फिरवावी लागते. म्हणूनच पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. नक्षी गुंतागुंतीची असेल तर दिवसभरात काही बोटेच कापड पुढे सरकते. साध्या पैठणीला काही आठवडे, भरजरीला कित्येक महिने. पण काल कोठे थांबलो आणि आज कोठवर आलो, हे डोळ्यांना दिसते. घरी काम करणाऱ्याची पाठ थोपटायला साहेब नसतो. ती थोपटण्याचे काम ही चार बोटे करतात.

सगळेच विणकर स्वतःचे धनी आहेत, असे समजू नये. अनेक जण व्यापाऱ्याचे रेशीम आणून मजुरीवर विणतात. काहींनी स्वतः विणून स्वतः विकण्याचे धाडस केले आहे; त्यांना मोकळीक अधिक आणि रात्रीची काळजीही अधिक. लग्नसराईत मागणी वाढली की माग रात्रीही चालतो. निवृत्तिवेतन कोणाला नाही. हे सारे पाहून आल्यावर ‘घरबसल्या कामाचा आनंद’ असे सरसकट लिहायला माझा हात धजत नाही.

तरीही एका घरात मी दोन तास रमलो. मागावर सून होती. कोपऱ्यात पंचाहत्तरीच्या सासूबाई रहाटावर कांड्या भरत होत्या. त्यांनी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ पैठणी विणली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना विश्रांतीसाठी धाकट्या मुलाकडे शहरात नेले. मुलगा मायेचा, त्याने आईला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. दोन महिन्यांत आजींचे जेवण तुटले, झोप पहाटे तीनलाच मोडू लागली, बोलणे कमी झाले. घरच्यांना वाटले, वय झाले. उतारवयातली उदासी पुष्कळदा अशीच येते : माणूस दुःखी आहे असे म्हणत नाही, जेवत नाही एवढेच दिसते. सुदैवाने तिथल्या डॉक्टरांनी ते ओळखले आणि औषध सुरू केले. औषध चालू ठेवूनच आजी येवल्याला परतल्या आणि रहाटापाशी बसल्या.

‘‘नजर मागाएवढी राहिली नाही, पण हात आहेत की, डॉक्टरसाहेब,’’ त्या म्हणाल्या. तेवढ्यात सुनेने दोन हिरव्या छटांच्या लडी आणून विचारले, ‘‘आत्याबाई, पोपटाला यातली कोणती?’’ आजींनी लडी दारातल्या उजेडात धरल्या आणि एक परत केली.

वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी या घराकडे नीट पाहावे. आजींच्या हातून माग गेला, तरी काम गेले नाही. ते त्यांच्या नजरेला आणि गुडघ्यांना झेपेल असे बदलले. ज्या आईने आयुष्यभर कपडे शिवले, तिला आता काजे-बटणे द्यावीत. हिशेब लिहिणाऱ्या वडिलांना महिन्याची पडताळणी द्यावी. मात्र ते काम खरेच लागणारे असावे. करमणुकीसाठी दिलेले काम वृद्धांना लगेच ओळखू येते, आणि बोचतेही.

आता डॉक्टर म्हणून दोन शब्द. विणकरांच्या माना, कंबरा आणि खांदे दुखतात. तासन्‌तास वाकून बसल्याचा तो मोबदला. पाय लटकते राहिल्याने घोटे सुजतात. तुम्ही घरी बसून काही करीत असाल, तर अर्ध्या-पाऊण तासाने उठून खोलीभर चालावे. पाण्याचा तांब्या मुद्दाम दूर ठेवला की उठणे आपोआप घडते. मधुमेह असल्यास रात्री दोन्ही तळवे तपासावेत. सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आणि चष्म्याचे एक सांगतो : वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो. शिवणयंत्र, संगणक, माग यांचे अंतर वेगळे. टेपने ते अंतर मोजून नेत्रतज्ज्ञांना सांगा. मान पुढे काढून काम करणाऱ्या कितीतरी जणांचे दुखणे मुळात चष्म्याचे असते.

हातमागाचा आवाज बेताचा असतो. मालेगावच्या यंत्रमागांशेजारी ओरडून बोलावे लागते. इथे विणता विणता शेजारीण उंबऱ्यात टेकते, भाजीचा भाव सांगून जाते. एकटेपणावर याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

जायचेच असेल तर सकाळी जावे, घरात शिरण्यापूर्वी विचारावे आणि काठी घेऊन चालणाऱ्यांनी खड्ड्यापासून दूरच्या बाजूला खुर्ची मागून घ्यावी. संक्रांतीला मात्र पैठणी पाहण्याची आशा धरू नये. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस सारे गाव गच्चीवर पतंग उडवीत असते, आणि पतंगाचा दोराही इथे आसारीवर गुंडाळतात. आजींना मी विचारले, ‘‘तुम्हीही गच्चीवर जाता?’’ ‘‘जिना चढवत नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘नातू दोर माझ्याकडूनच भरून नेतो.’’