सहाशेचे नऊशे

पेन्सिलीने मी आजवर जे काही लिहिले, त्यात सर्वांत महाग पडलेले लेखन चार रेघांचे आहे. त्यातली एकही रेघ धड मिलिमीटरभर लांबीची नव्हती.

२००१ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी सोलापुरात मराठी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि एका वाड्याच्या माडीवर पत्र्याच्या खोलीत राहत होतो. खोलीत एक जुळणी केलेला संगणक होता. त्याचे सुटे भाग अभियांत्रिकीला असलेल्या मामेभावाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून दिले होते. आत एएमडी कंपनीचा 'ड्युरॉन' प्रोसेसर होता, ६०० मेगाहर्ट्‌झचा. २००० च्या जून महिन्यात बाजारात आलेली ही मालिका स्वस्त होती आणि तिच्याविषयी मामेभावाने एक विलक्षण गोष्ट सांगितली होती : हा प्रोसेसर पेन्सिलीने वेगवान करता येतो.

ही थट्टा नव्हती. प्रोसेसरचा वेग हा एक गुणाकार असतो. मदरबोर्डचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्‌झ आणि गुणक सहा, म्हणून सहाशे. गुणक बदलता येऊ नये म्हणून कारखान्यातच चिपच्या पाठीवरचे काही इवलेसे धातूचे पूल तोडलेले असत. त्या ओळीला 'एल१' असे नाव छापलेले होते. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट असते आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. तुटलेल्या पुलांवरून पेन्सिल फिरवली की ते सांधले जात आणि गुणक आपल्या हाती येई. पुढे कंपनीने 'अ‍ॅथलॉन एक्सपी'च्या पुलांमध्ये खड्डेच ठेवले, तेव्हा ही युक्ती संपली. पण आमच्या हाती आलेला जिन्नस त्याआधीचा होता.

हीटसिंकचा खटका स्क्रूड्रायव्हरने दाबून काढताना हात थरथरला होता, कारण चिपच्या मध्यावरचा करंगळीच्या नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा उघडाच असे आणि त्याचा कोपरा उडाला की सारा खेळ खलास. मुद्रितशोधनाची पेन्सिल टोकदार करून मी चार रेघा ओढल्या, थर्मल पेस्टचा पातळ थर दिला, हीटसिंक पुन्हा बसवला आणि बायॉसमध्ये जाऊन सहाच्या जागी नऊ केले. व्होल्टेज थोडे चढवले. पडद्यावर ९०० हा आकडा उमटला, तेव्हा झालेला आनंद सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. साहित्याचा विद्यार्थी असलेल्या माणसाला आपल्या हातून एखादी गोष्ट पन्नास टक्क्यांनी वाढल्याचे असे रोख प्रमाण सहसा मिळत नाही.

मला वेग हवा होता तो आजीसाठी. १९९८ आणि १९९९ च्या सुट्ट्यांत मी तिच्या जात्यावरच्या ओव्या टेपवर घेतल्या होत्या. साने गुरुजींचे 'स्त्री-जीवन' वाचून चढलेला तो उत्साह होता. नुसते बसून म्हणायला सांगितले की आजीला ओव्या आठवत नसत. खुंटा हातात आला आणि पाळू फिरू लागली की एकीमागून एक येत. म्हणून सगळ्या ध्वनिमुद्रणात जात्याची घरघर आहे. तासातासाच्या अकरा कॅसेटी भरल्या. २००० साली आजी गेली. कॅसेटींच्या फिती चिकटू लागल्या होत्या, म्हणून त्या संगणकावर उतरवून घेण्याचे ठरवले. तासाभराच्या ध्वनीला सुमारे ६०० मेगाबाइट जागा लागे आणि माझी हार्डडिस्क होती १० गिगाबाइटची. तेव्हा घरघर थोडी कमी करून सगळ्याचे एमपी३ करायचे आणि मूळ मोठ्या फायली पुसून टाकायच्या, असा बेत होता. सहाशेवर एका कॅसेटीला अडीच तास लागत. नऊशेवर एक तास चाळीस मिनिटे.

इथे थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागेल. प्रोसेसरमध्ये घड्याळाचा ठोका पडला की असंख्य सूक्ष्म कळा चालू-बंद होतात. बेरजेतला हातचा शेवटच्या घरापर्यंत पोहोचायला काही काळ लागतो आणि पुढचा ठोका पडण्यापूर्वी तो पोहोचलेला असावा लागतो. सहाशेला दोन ठोक्यांमधले अंतर १.६७ नॅनोसेकंद असते, नऊशेला १.११. एवढ्या अवधीत प्रकाशदेखील फूटभराहून थोडाच पुढे जातो. छापील वेगात उन्हाळ्यासाठी, धुळीसाठी, कमीजास्त विजेसाठी काही सवड राखून ठेवलेली असते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ती सवड खर्चून टाकणे. चिप तापली की या कळा मंदावतात. व्होल्टेज वाढवले तर त्या चपळ होतात, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे सारे मला मामेभावाने सांगितले होते. चाचणीही आम्ही घेतली होती. 'प्राइम९५' नावाचा कार्यक्रम प्रोसेसरला अवघड आकडेमोड करायला लावतो आणि आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ती ताडून पाहतो. डिसेंबरातल्या एका रात्री तो दहा तास निर्वेध चालला. आम्ही निश्चिंत झालो. त्या चाचणीने फक्त त्या रात्रीपुरती ग्वाही दिली होती, हे कुणाच्याच लक्षात आले नाही.

ध्वनीचे काम मी केले एप्रिलमध्ये. सोलापूरचा एप्रिल आणि डोक्यावर पत्रा! बायॉस तापमान साठच्या पुढे दाखवी आणि तेही मोजले जाई ते चिपच्या खाली सॉकेटमध्ये बसवलेल्या संवेदकाने. प्रत्यक्ष चिप त्याहून तापलेली असणार. पण संगणक एकदाही बंद पडला नाही. माझ्या फजितीचे मूळ नेमके इथे आहे. वाड्याच्या मागे चादरींचे माग होते आणि रात्री त्यांचा खडखडाट ऐकतच मी झोपे. मागाचा आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. विणकराला कळते, तो गाठ मारतो, पुढे चालू. मी गृहीत धरले होते की यंत्र चुकले तर थांबेल. माझ्या प्रोसेसरचा हातचा वाटेत राहिला, तरी तो पुढचे घर भरून मोकळा होत होता.

एमपी३ मध्ये ध्वनी सुमारे २६ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत बांधला जातो. एका तुकड्याचे गणित चुकले की तिथे 'किर्र' असा बारीक आवाज येतो आणि ओवीतले एखादे अक्षर जाते. प्रारंभी घाईने ऐकताना मला तो आवाज जात्यात आलेल्या खड्याचा वाटला. मोठ्या फायली मी पुसल्या. २००३ मध्ये लेखणी घेऊन ओव्या उतरवायला बसलो, तेव्हा कळले की दळताना खडा येतो, तो नेमका शब्दाच्या मध्यावर आणि एवढ्या वेळा येत नाही.

गुणक पुन्हा सहावर आणला आणि मामाकडे ठेवलेल्या कॅसेटी मागवल्या. नऊ पुन्हा उतरवता आल्या. एकीची फीत वाजवतानाच तुटून आत गुंतली. दुसरीला बुरशी लागली होती, तिच्यावर काहीच ऐकू येत नव्हते. या दोन कॅसेटींतल्या ओव्यांना आता माझ्या सदोष फायलींखेरीज दुसरा आधार नाही. त्यांत मी सदतीस जागा मोजल्या. नऊशेमुळे वाचलेला वेळही एकदा मोजला होता : अकरा कॅसेटींचे मिळून नऊ तास दहा मिनिटे.

पाठचिकित्सा आपण शिकतो आणि शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे वर्गात दरवर्षी सांगताना नकलकारांच्या प्रमादांविषयी मीही बोलतो. पण नकलकाराच्या चुकीला काही रीत असते. त्याची ओळ गळते, सारखे दिसणारे अक्षर तो बदलतो, न कळलेल्या शब्दाजागी कळलेला घालतो. त्यावरून मागे जाता येते. तापलेल्या चिपच्या चुकीतून असे मागे जाण्याची वाट मला तरी सापडली नाही. २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुकच्या अभियंत्यांनी स्वतंत्र निबंध प्रसिद्ध करून सांगितले की, त्यांच्या प्रचंड संगणककेंद्रांतही काही प्रोसेसर बिनबोभाट चुकीची उत्तरे देतात, आणि ते तर नेमून दिलेल्या वेगानेच चालत होते. वाचून मला थोडा दिलासा वाटला, हे कबूल करतो. अर्थात माझ्या चार रेघा मी स्वतः ओढल्या होत्या.

असो. संहिता तयार करताना सदतीस जागी कंस घालून आत टिंबे दिली आहेत. त्यातल्या काही जागा वृत्तावरून आणि यमकावरून उघड कळतात. तिथेही मी हात राखला. एका ओवीत भाऊ ज्या गावाहून येतो, त्या गावाचे नावच गेले आहे. आईला विचारले तर तिने तत्काळ एक नाव सांगितले. मावशीने दुसरे सांगितले, आणि आपण लहानपणी ती ओवी याच नावाने म्हणत होतो असे ठणकावले. दोन्ही नावे तीन अक्षरांची आहेत, दोन्ही बसतात. दोघींचा त्यावरून दिवाळीत अबोलाही झाला होता. दोन्ही नावे मी समासात लिहून ठेवली आहेत, पेन्सिलीने.