सुईनं दिलेलं दुखणं

इजिप्तला हिपॅटायटिस सी आटोक्यात आणल्याबद्दल २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 'सुवर्ण' दर्जा दिला. कौतुक झालंच पाहिजे. पण तो रोग घरोघर पोचला कसा, हेही सांगायला हवं.

मूळ दुखणं बिल्हार्झियाचं. नाईलच्या कालव्यांत पोरं डुंबायची, गोगलगायींतून सुटलेल्या अळ्या त्यांच्या कातडीतून आत शिरायच्या. आतड्याच्या शिरांत जंत वाढतात, त्यांची अंडी रक्ताबरोबर वाहत जाऊन लिव्हरमध्ये अडकतात, तिथं वण धरतात. रक्ताची वाट तुंबते, प्लीहा वाढते, पोटात पाणी होतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या की माणूस रक्त ओकतो. अरबी जगाचा लाडका गायक अब्देल हलीम हाफिझ याच दुखण्यानं १९७७ मध्ये, ४७ व्या वर्षी गेला.

सरकारनं १९५० च्या दशकात मोहीम काढली. टार्टार एमेटिक हे अँटिमनीचं औषध, शिरेतून, एकेकाला बरीच इंजेक्शनं. हेतू चांगला, औषधही तेव्हाचं मान्य. पण रांग लांबलचक आणि काचेच्या सिरिंजा मोजक्या. नीट उकळायला वेळ कुणाला? हिपॅटायटिस सी चा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. तोवर मोहीम संपून गोळ्या आल्या होत्या. लिव्हर वाचवायला गेलेल्यांच्या लिव्हरलाच सुईनं दुसरा रोग लावला. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या सुमारे १५ टक्के लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या.

माझं मेडिकलचं दुकान आहे. "गोळ्या नकोत हो, सुईच मारायला सांगा" हे रोज ऐकतो, म्हणून ही गोष्ट मला फार परकी वाटत नाही.

इजिप्तनं मात्र पुढं हात झटकले नाहीत. अमेरिकेत ८४ हजार डॉलरला मिळणारा सोफोसबुव्हिरचा १२ आठवड्यांचा कोर्स घासाघीस करून ९०० डॉलरवर आणला, मग देशातल्याच कंपन्यांनी तो आणखी स्वस्त केला. २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत जवळपास ५ कोटी माणसं तपासली, बाधितांना औषध फुकट. आपल्याच सरकारी सुईचं बिल सरकारनं भरलं, असं मी म्हणेन. उशिरा भरलं, हेही खरं.

बिल्हार्झियाला आता प्राझिक्वांटेलच्या गोळ्या आहेत. जंत मरतात, पण जुना वण पुरता जात नाही. सोफोसबुव्हिरनं विषाणू जातो, पण लिव्हर आधीच आक्रसलेलं असेल तर कॅन्सरची भीती उरतेच. अशांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, बहुधा आयुष्यभर.