अप्पा, ट्रकची शर्यत आणि क्लीनर

आमचे अप्पा तीस वर्षं बेळगावहून गोव्याला ट्रकनं भाजी नेत. अनमोड घाटाचं वळण न् वळण त्यांना पाठ. मी मात्र बी.ई. करून कॉम्प्युटरपुढे बसलो आणि गेली सहा वर्षं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोला राहतोय. फोनवर आमचं बोलणं 'जेवलास काय?' आणि 'पाऊस आहे काय?' यापुढे फारसं जात नाही. दिवाळीला आई-अप्पा आमच्याकडे आले आणि चार दिवसांत अप्पांना घर खायला उठलं. "इथं ट्रकची शर्यत असते, येता का?" म्हटल्यावर मात्र लगेच बूट घालून तयार!

शुक्रवारी दुपारी आई नातवाजवळ थांबली आणि आम्ही दोघं निघालो. उत्तरेला तासाभरात व्हर्जिनिया राज्यातलं मार्टिन्सव्हिल येतं. एकेकाळी लाकडी फर्निचरसाठी नावाजलेलं हे छोटं गाव. इथला स्पीडवे 1947 साली सुरू झाला, तोही मातीचा. नॅसकार ही शर्यतींची संस्था स्थापन झाली ती त्यानंतर, 1948 मध्ये. 1964 पासून इथल्या विजेत्याला चषकाऐवजी माणसाहून उंच लाकडी लंबकाचं घड्याळ देतात. "हे बरं," अप्पा म्हणाले, "घरात उपयोगाला तरी येतं."

ट्रॅकवर गाड्या आल्या आणि अप्पांचा चेहरा पडला. "हे ट्रक? हे तर छोटा हत्ती की रे!"

खरं होतं. अमेरिकेत पिकअपलाच ट्रक म्हणतात. 1995 पासून त्यांची वेगळी शर्यतमालिका चालते. दिसायला शेव्हरलेट सिल्व्हराडो, फोर्ड एफ-150, टोयोटा टुंड्रा. पण पत्र्याच्या आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि आठ सिलिंडरचं इंजिन. ते एकदम सुरू झालं तेव्हा छातीत धडधडलं. कानात बोळे घातले तरी आवाज हाडांत शिरत होता.

मार्टिन्सव्हिलची एक फेरी जेमतेम 850 मीटरची. आकार कागदाच्या क्लिपसारखा: दोन लांब सरळ बाजू, दोन टोकांना एकदम आवळलेली वळणं. सरळ भागात डांबर, वळणांवर काँक्रीट. डेटोनाच्या प्रसिद्ध ट्रॅकवर वळणं 31 अंशांनी कललेली आहेत, म्हणून गाडी वेगात निघून जाते. इथं उतार फक्त 12 अंशांचा, त्यामुळे दर वळणाला ब्रेक दाबावाच लागतो. 200 फेऱ्या म्हणजे 400 वेळा! अंतर म्हणाल तर सुमारे 169 किलोमीटर, बेळगावहून अनमोडमार्गे पणजी गाठण्याइतकं.

अंधार पडला, दिवे लागले. वळणाशी येणाऱ्या गाड्यांच्या चाकांतून लालभडक उजेड दिसू लागला. मला काही कळेना. अप्पा हवा हुंगत म्हणाले, "ब्रेक तापले. हा वास मी झोपेतही ओळखीन."

आम्ही भाड्यानं हेडफोन घेतले होते. त्यात ड्रायव्हर आणि त्याचा स्पॉटर यांचं बोलणं ऐकू येतं. ड्रायव्हर हेल्मेट घालून आसनाला आवळून बांधलेला. बाजूची गाडी त्याला नीट दिसत नाही. उंचावर उभा असलेला स्पॉटर त्याला सतत सांगतो: आतून आला, अजून शेजारीच आहे, आता मोकळं. मी अप्पांना हे समजावलं.

"म्हणजे क्लीनर!" अप्पा ओरडले. मग उरलेली शर्यत त्यांनी गाड्यांपेक्षा त्या उंचावरच्या माणसांकडे बघण्यात घालवली.

परतताना गाडीत ते आपणहून बोलू लागले. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना अनमोडच्या उतारावर त्यांचे ब्रेक असेच तापून निकामी झाले होते. ट्रक भाजीनं भरलेला. अप्पांनी खालचा गिअर टाकून गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली. वेग थोडा कमी होताच क्लीनरनं खाली उडी मारली आणि चाकाखाली दगड सरकवला. तो निसटला, तेव्हा दुसरा. ट्रक थांबला. क्लीनरची दोन बोटं चेंगरली.

"घरी का नाही सांगितलंत?"

"तुझी परीक्षा होती. आणि सांगितलं असतं तर तुझ्या आईनं मला पुन्हा घाटात जाऊ दिलं असतं काय? मग फी कुठनं भरणार?"

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. मी गाडी हळू केली.

घर जवळ आलं तेव्हा तिकडे सकाळचे सात वाजले होते. अप्पांनी माझा फोन मागितला आणि आठवून आठवून एक नंबर लावला. त्या क्लीनरचा आता स्वतःचा टेम्पो आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

"अरे, इथं अमेरिकेत तुझ्या कामाला केवढा मान आहे, माहीत आहे काय?" अप्पा मोठ्यानं सांगत होते. घरासमोर गाडी उभी केली, तरी त्यांचं बोलणं चालूच होतं. मी इंजिन बंद केलं आणि ऐकत बसलो.