जमावाचा कारभारी

लोहाऱ्यातल्या कुठल्याही शाळेत हिवाळ्याच्या दिवसांत विचारा, ‘गॅदरिंग कधी आहे?’ पोरं तारीख सांगतील आणि कुठल्या गाण्यावर कोण नाचणार तेही सांगून टाकतील. ‘स्नेहसंमेलन’ छापायचं ते निमंत्रणपत्रिकेवर, बोलताना मात्र गॅदरिंगच. इंग्रजीचं हे ‘गॅदर’ मराठवाड्यात असं नांदायला लागलं, की त्याला आमचे ‘ला’, ‘मध्ये’, ‘चं’ कधी चिकटले ते कळलंही नाही. त्याच्या माहेरचा कारभारी मात्र तिकडेच राहिला. त्याची ओळख करून द्यायची आहे.

नाव प्रिपोझिशन. अंगानं अगदी लहान, दोन-तीन अक्षरांचा. कपडे सारखे बदलतो: कधी ‘अ‍ॅट’, कधी ‘इन’, कधी ‘ऑन’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, अंगभर ल्यायचं मनात आलं तर ‘अराउंड’. काम एकच. माणसं जमली की ती कुठं उभी आहेत, कशाभोवती, कशासाठी आणि कुठून आली, हे सांगायचं. क्रियापद नुसतं ‘जमले’ म्हणून मोकळं होतं. बाकीचा सगळा बंदोबस्त याच्याकडे.

पहिली खोड चालण्याची. हा नेहमी नामाच्या पुढं चालतो. आमच्या भागात मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा कानावर पडतात, आणि तिन्हींत हे काम करणारी मंडळी नामाच्या मागून येतात. ‘देवळात’ म्हणताना आधी देऊळ, मग ‘त’. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सरकारदरबारी उर्दू होती. तिथंही आधी जागा, मग ‘में’ नाहीतर ‘पर’. पिढ्यान् पिढ्या जिभेला अशी सवय, आणि हा पठ्ठ्या म्हणतो, आधी माझं नाव घ्या, मग गावाचं. पोरगं वाक्याच्या सुरुवातीलाच अडखळतं ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. त्याला जे शेवटी ठरवायची सवय आहे, ते हा आधीच ठरवायला लावतो.

कामाला मात्र वाघ आहे. आमच्याकडे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीसारखंच १७ सप्टेंबरलाही, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन असतं. शिक्षक वर्गात सांगतात, ‘सतरा तारखेला सकाळी सातला झेंडावंदनासाठी मैदानावर जमा.’ हीच सूचना इंग्रजीत लिहा. ‘असेंबल’ एकदाच येतं, कारभारी चार वेळा: मैदानापुढं ‘ऑन’, झेंडावंदनापुढं ‘फॉर’, सातपुढं ‘अ‍ॅट’ आणि तारखेपुढं पुन्हा ‘ऑन’. आमचा एकटा ‘ला’ तारखेलाही पुरला आणि घड्याळालाही. हा तसं चालू देत नाही. घड्याळाच्या काट्याला ‘अ‍ॅट’, दिवसाला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’, असा त्याचा मानपान ठरलेला. एकदा लक्षात आला की आयुष्यभर मोडत नाही, हा त्याचा मोठा गुण.

जागेच्या बाबतीत तो जरा लहरी वाटतो, पण नीट बघितलं तर लहर नाही, नजर आहे. जागा नकाशावरच्या ठिपक्यासारखी दिसली की ‘अ‍ॅट’. तिला भिंती, कुंपण, आतबाहेर असलं की ‘इन’. नुसता पृष्ठभाग असला की ‘ऑन’. आम्ही म्हणतो ‘शेतात’ आणि ‘मैदानावर’. तोही शेताला ‘इन’ आणि खेळाच्या मैदानाला ‘ऑन’ म्हणतो. इथं मराठी कान शंभर टक्के साथ देतो. पण पोरानं ‘इन द ग्राउंड’ लिहिलं की हा त्या बिचाऱ्या विद्यार्थ्यांना भुईमुगाच्या शेंगांशेजारी, थेट जमिनीच्या पोटात नेऊन बसवतो. चारी बाजूंनी बांधलेलं स्टेडियम असेल तर त्याला ‘इन’ चालतो, शाळेच्या उघड्या मैदानाला नाही.

आणि मग एसटी स्टँड येतो. सहलीला जायचं असलं की सगळे ‘स्टँडवर’ जमतात. ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, असं पाठ केलेलं पोर बिनदिक्कत ‘ऑन द बस स्टँड’ लिहितं. वाचणाऱ्या इंग्रजाला स्टँडच्या पत्र्यावर चढलेली वरात दिसते. कारभाऱ्याचं म्हणणं इतकंच, की स्टँड हे भेटायचं ठिकाण आहे, चढून बसायची वस्तू नव्हे; तेव्हा ‘अ‍ॅट’. पार मात्र खरोखरच चढून बसायचा असतो, म्हणून पारावरच्या मंडळींना तो आनंदानं ‘ऑन’ देतो.

त्याचा खरा रुबाब बघायचा तर आपल्याच जिल्ह्यात तुळजापूरला. कोजागरीच्या सुमारास सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसं रात्रंदिवस चालत भवानीच्या दर्शनाला येतात. ही बातमी इंग्रजीत लिहायला बसा, म्हणजे जमण्याची सगळी क्रियापदं दाराशी येतात आणि प्रत्येकाला आपला ठरलेला माणूस हवा असतो. भक्तांची रीघ लागली, तर ‘फ्लॉक’, त्याला ‘टू’. निरनिराळ्या वाटांनी येऊन सगळे एका गावावर धडकले, तर ‘कन्व्हर्ज’, त्याला ‘ऑन’ आवडतो. दाटीवाटीनं आत शिरले, तर ‘क्राउड’, त्याला ‘इन्टू’. गोंधळ्यानं संबळ वाजवायला घेतलं आणि लोक भोवती गोळा झाले, तर ‘गॅदर’ आणि ‘अराउंड’. ‘भोवती’ आणि ‘अराउंड’ इतके सारखे, की भाषांतर करावंच लागत नाही. एकटं ‘थ्राँग’ तेवढं स्वाभिमानी. ते देवळाला स्वतःच जाऊन भिडू शकतं, मध्ये कुणी लागतंच असं नाही.

हे न येणं हाही कारभाऱ्याचा स्वभाव आहे, आणि लोहाऱ्याच्या पोरांना सगळ्यात जास्त गोत्यात आणतो तो इथंच. ‘मी त्याला भेटलो’ यातला ‘ला’ पोर प्रामाणिकपणे ‘टू’ करून ‘मेट टू हिम’ लिहितं. हा येतच नाही. ‘मीट’ला माणूस थेट लागतो. ‘जॉइन अस’, ‘अटेंड द मीटिंग’, इथंही त्याची जागा मोकळी. बोलावलं नसताना त्याला ओढून आणला तर अर्थ पालटतो: ‘अटेंड टू’ म्हणजे हजर राहणं नव्हे, जातीनं लक्ष घालणं. मात्र गाणं चालू आहे आणि तुम्हीही सूर लावलात, तर ‘जॉइन इन’ म्हणताना तो हसत पुढं येतो. माणसांत मिसळताना नको, कामाला हात लावताना हवा. ‘मीट’बरोबर ‘विथ’ आला की गंभीर व्हावं. अमेरिकेत ती ठरवून केलेली बोलणी असतात, आपल्या वर्तमानपत्रांत बहुधा अपघात.

कधीकधी तर जमवायला माणसंच नसतात. ‘आय गॅदर फ्रॉम युवर लेटर’, म्हणजे तुमच्या पत्रावरून मला असं समजलं. इथं विखुरलेल्या खुणा गोळा होतात, आणि त्या कुठून उचलल्या ते हा सांगतो. आमचा ‘वरून’ नेमकं हेच करतो.

त्याला क्षुल्लक समजणाऱ्यांना मी एकच उदाहरण देईन. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बोळवून गावं झोपली असताना, भूकंप झाला. किल्लारीचं नाव जगभर झालं. आपल्या लोहारा तालुक्यातलं सास्तूरही त्याच पहाटे उद्ध्वस्त झालं. वाचलेली माणसं उघड्यावर जमली, ‘इन दि ओपन’. पुढं देशभर मदतनिधी गोळा झाला. ‘भूकंपग्रस्तांसाठी गोळा केला’ हे इंग्रजीत सांगताना ‘कलेक्टेड’नंतर ‘फॉर’ यायला हवा. तिथं घाईत ‘फ्रॉम’ पडला, तर ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं त्यांच्याच खिशातून पैसे काढले, असा अर्थ होतो. एवढ्याशा शब्दावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जागा ठरते. याच्यापायी गेलेला गुण म्हणजे केवळ परीक्षेतला गुण नव्हे, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीच्या वर्गात आलं; त्याआधी ते पाचवीत भेटायचं. आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. अख्खी वाक्यं इकडून तिकडं न्यायची, त्यामुळे हा कारभारी आपल्या माणसांसकट भेटायचा. आता तो एकटाच येतो, रिकाम्या जागेत. ‘द व्हिलेजर्स गॅदर्ड’, मग एक रेघ, मग ‘द टेंपल’. उत्तरसूचीत ‘अ‍ॅट’ बरोबर, बाकी चूक.

हे मला मान्य नाही. गावकरी देवळात जमू शकतात, देवळाभोवती, देवळाबाहेर, देवळामागंही जमू शकतात. ‘आउटसाइड’ लिहिणाऱ्या पोरीनं बहुतेक पालखीच डोळ्यांपुढं आणली असेल, आणि ती ‘अ‍ॅट’ पाठ करून आलेल्यापेक्षा या कारभाऱ्याला जास्त ओळखते. प्रश्न काढणाऱ्यांनी वाक्याला कारण जोडावं. ‘धो धो पाऊस आला म्हणून’ एवढं छापलं, की अख्खा वर्ग ‘इन’ लिहील. ‘पालखी निघायची होती म्हणून’ छापलं तर ‘आउटसाइड’ लिहील, फार तर ‘इन फ्रंट ऑफ’; आणि तपासणाऱ्यांनी दोन्हींना पूर्ण गुण द्यावेत.