उशीवरचा हात

आषाढात वसईच्या वालीवमध्ये कोरडी जागा शोधावी लागते. गाळ्यांचे पत्रे गळत असतात, टेम्पोंच्या चाकांनी रस्त्यावरचा चिखल कालवला जातो, पूर्वेचा तुंगारेश्वराचा डोंगर दिवसचे दिवस ढगात असतो. आमच्या मोरीमागच्या फरशीवर या दिवसांत मऊ हिरवं शेवाळ धरतं. त्याच शेवाळावरून आई घसरली. तोल गेला की हात आपोआप पुढे जातो आणि सगळ्या देहाचा भार एका तळव्यावर येतो. मी धावले तेव्हा आईनं उजवा हात डाव्या हातात धरला होता, भिजलेलं पाखरू धरावं तसा. "काही नाही गं, मुका मार आहे," ती म्हणाली. पण मनगटाचा आकार बदलला होता.

मनगटाच्या या मोडीचं वर्णन आयर्लंडचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे आतलं हाड दिसण्याच्या ८१ वर्षं आधी त्यांनी केवळ बाहेरून पाहून आणि बोटांनी चाचपून ते ओळखलं होतं. आमच्या डॉक्टरांनीही फोटो काढण्याआधी आईचं मनगट असंच हलकेच चाचपलं. मग भूल दिली, हाड ओढून जागेवर बसवलं, प्लास्टरचा स्लॅब घातला. निघताना माझ्याकडे वळून म्हणाले, "आता दोन-तीन दिवस हिचा हात छातीच्या वर राहू दे. बोटं हलवत राहायला सांग. आणि कुणालाही चोळू देऊ नकोस."

हे शेवटचं सगळ्यात अवघड होतं. आपल्याकडे माया हातानं करायची असते. कुणाला लागलं की आपण चोळतो, शेकतो, दाबून देतो. संध्याकाळपर्यंत अख्खी चाळ येऊन गेली. कुणी सहाणेवर आंबेहळद उगाळून आणली, कुणी विटकरीचा शेक सुचवला. शेजारच्या काकू तर लसूण घालून कढवलेल्या तेलाची बाटलीच घेऊन आल्या. "साकळलेलं रक्त मोकळं करायला हवं, वहिनी," असं म्हणत त्या बसल्यासुद्धा. मी बाटली घेतली, फळीवर ठेवली आणि म्हटलं, "काकू, थोडे दिवस थांबू या." त्यांचं मन दुखावलं असेल, तेव्हा मला नीट समजावताही आलं नाही.

आज समजावता येईल. हाड मोडतं तेव्हा त्यातल्या आणि भोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. मोडीच्या जागी रक्त साकळतं. ते फेकून देण्याजोगं नसतं. जुळणीची सुरुवातच तिथून होते. त्या गाठीत पेशी जमतात, दोन-तीन आठवड्यांत मऊ, कूर्चेसारखा सांधा धरतात, मग त्यात चुना भरत जाऊन तो कठीण होतो. ताज्या मोडीवर चोळणं म्हणजे रुजणारं रोप दर तासाला उपटून बघणं. सुरुवातीचा शेकही सूज वाढवतो. कामाला येतो तो गारवा: बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, मग उचलायचा. उघड्या कातडीवर बर्फ ठेवायचा नाही आणि प्लास्टरला ओल लागू द्यायची नाही.

बाकीचं काम उशीनं केलं. दोन उशा, त्यावर घडी घातलेली गोधडी, त्यावर आईचा हात. रात्री उशी सरकली की मला जाग यायची. मोबाईलच्या उजेडात मी तिच्या नखावर हलकेच दाब द्यायचे. नख पांढरं पडायचं आणि सोडलं की गुलाबी रंग परत यायचा. तो परत येईपर्यंतचा क्षण मी श्वास रोखून धरायचे. बोटं बधिर झाली, गार किंवा निळी पडली, सरळ करताना असह्य ठणका लागला, तर रात्र असो की पाऊस, तडक दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. घट्ट पट्टीची ही भीती फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला बांबूच्या आणि वडा-पिंपळाच्या सालीच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत, आणि तिथंच बजावलं आहे: बंध सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही, घट्ट असेल तर सूज येते, वेदना होते, कातडी पिकते. थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी तो बंध सोडून नव्यानं बांधायचा. वेदना वाचायला शिकलेल्या माणसांचे हे शब्द आहेत.

चौथ्या दिवशी आईच्या कोपराजवळ जांभळा डाग दिसला आणि घरात घबराट झाली. मार मनगटाला, मग काळंनिळं इथं कसं? रक्तही पाण्यासारखंच उताराला लागतं. हात उंच ठेवला होता, म्हणून ते कोपराकडे उतरलं होतं. पुढचे दिवस मी तो डाग रोज पाहिला. पिकल्या जांभळासारखा होता, तो कडांनी हिरवट झाला, मग पिवळा, मग फिकट तपकिरी. शरीर सांडलेल्या रक्ताचे घटक सुटे करून उचलून नेत असतं; हिरवा आणि पिवळा हे पित्तातलेच रंग. एकदा आईच्या हट्टाखातर आंबेहळदीचा पातळ लेप न चोळता लावला, तर हळदीच्या पिवळ्याखाली डागाचा पिवळा कळेना. ओल्या फडक्यानं पुसून घेतला. आमच्या वसईच्या केळ्याला एकदा दाब बसला की तो काळा डाग तसाच राहतो. माणसाच्या कातडीला मात्र तो पुसता येतो.

आईनं आपल्या परीनं एक गोष्ट केली. मिश्रीची डबी माझ्या हातात दिली. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला उशीर होतो, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चाळीस वर्षांची सवय तिनं एका वाक्यावर सोडली. मी नाचणीची भाकरी करायचे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सोबत जवळ्याची चटणी, तीळ, अंडं, दूध. पाऊस उघडला की दारात उन्हाला खुर्ची. डाव्या हातानं जेवताना ती उजव्या हाताची बोटं हलवत राहायची, जणू भाकरी थापते आहे.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आतला हात बारीक, कोरडा, खपल्या धरलेला, लाकडासारखा आखडलेला. फोटोत मोडीभोवती एक पांढुरका फुगवटा दिसत होता. "हीच नवी जुळणी," डॉक्टर म्हणाले. "शरीर आता काही महिने ती घासून-तासून घडवत राहील. मनगट रोज हळूहळू वळवा. कातडीला थोडं तेल लावलं तरी चालेल."

घरी आल्यावर मी फळीवरची बाटली काढली. सहा आठवड्यांत तिच्यावर गाळ्यांची धूळ बसली होती. ती पुसून मी काकूंच्या दारात गेले. त्या लगेच उठल्या. आईसमोर बसल्या, तेलाचे दोन थेंब तळव्यात घेतले आणि दोन्ही हात एकमेकांवर घासून ऊब आणली.

"वहिनी, आता हात लावू ना?" त्यांनी आधी विचारलं.

आईनं हात पुढे केला.