दोन जर्सींचं वर्ष

क्रोएशियात वेलेबित डोंगराच्या पायथ्याशी मॉड्रिची नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या एका दगडी घरात लुका मॉड्रिचचे आजोबा राहत. त्यांचंही नाव लुकाच. आई-वडील दोघंही कारखान्यात कामाला, त्यामुळे नातवाचा बराचसा दिवस आजोबांच्या मागेमागे जाई. त्या काळात लांडग्यांवर माहितीपट करणारा एक माणूस त्या डोंगरात चित्रीकरण करत होता. त्याच्या कॅमेऱ्यात पाचेक वर्षांचा एक पोरगा सापडला, हातात काठी घेऊन शेळ्या हाकणारा. तोच पुढे रेआल माद्रिदचा दहा नंबर झाला.

१८ डिसेंबर १९९१ रोजी सर्ब बंडखोरांनी आजोबांना गोळ्या घातल्या. युगोस्लाव्हिया फुटत होता आणि त्या फुटीची सीमा नेमकी या डोंगरातून जात होती. कुटुंब जीव घेऊन समुद्रकाठच्या झादार शहरात आलं. मागं राहिलेलं घर जाळलं गेलं. वडील सैन्यात दाखल झाले. निर्वासितांना हॉटेलांमध्ये ठेवलं होतं, त्यातल्या कोलोव्हारे हॉटेलात मॉड्रिच कुटुंबानं कित्येक वर्षं काढली. शहरावर तोफगोळे पडत होते, आणि हॉटेलच्या वाहनतळावर पोरं फुटबॉल खेळत होती.

फुटबॉल या मुलाच्या आयुष्यात आला तो असा. पुढे त्याच्यावर हक्क सांगायला क्लब आले, देश आला, कोट्यवधींचे करार आले, आणि २०१८ या एका वर्षात हे सगळे हक्क एकदमच त्याच्या अंगावर आले. क्लबचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतं. देशाचं फुटबॉल त्या वर्षाच्या फटींमध्ये खेळलं जातं आणि मोठ्या स्पर्धा नेमक्या विश्रांतीच्या उन्हाळ्यात येतात. पगार क्लब देतो, पण राष्ट्रगीताला उभं राहायचं असतं देशाच्या जर्सीत. प्रेक्षकांच्या मनात या दोन निष्ठा वेगवेगळ्या राहू शकतात. खेळाडूला मात्र दोन्हीकडे तेच गुडघे आणि तीच फुप्फुसं न्यावी लागतात.

मॉड्रिचच्या बाबतीत तर ती शरीरयष्टी हाच पहिला अडसर होता. हायदुक स्प्लित या बड्या क्लबनं त्याला लहानपणी परत पाठवलं. पोरगा फार किरकोळ आहे, असं त्यांचं मत पडलं. झादारच्या अकादमीतल्या तोमिस्लाव्ह बाशिच यांनी त्याला सोडलं नाही. मॉड्रिच त्यांना आपले फुटबॉलमधले वडील मानत आला. सोळाव्या-सतराव्या वर्षी तो झाग्रेबच्या दिनामो क्लबकडे गेला आणि दिनामोनं त्याला शेजारच्या बोस्नियात, मोस्तारच्या झ्रिन्स्की संघाकडे उसना दिला. युद्धातून नुकतं सावरणारं शहर, खडबडीत मैदानं, आणि पायावर पाय देऊन खेळणारे बचावपटू. अठरा वर्षांचा हा मुलगा त्या मोसमात तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बोस्नियात जो खेळू शकतो तो कुठंही खेळू शकतो, असं तो नंतर सांगत असे.

देशासाठी त्याचा पहिला सामना १ मार्च २००६ ला बासेलमध्ये झाला, अर्जेंटिनाविरुद्ध. क्रोएशियानं तो ३-२ असा जिंकला. त्याच सामन्यात लिओनेल मेस्सीनं अर्जेंटिनासाठी पहिला गोल केला होता. दोन वर्षांनी, युरो २००८ च्या उपांत्यपूर्व फेरीत, व्हिएन्नामध्ये तुर्कस्ताननं क्रोएशियाच्या तोंडचा घास काढून घेतला. जादा वेळेच्या ११९ व्या मिनिटाला क्रोएशियानं गोल केला आणि सामना संपता संपता तुर्कस्ताननं बरोबरी साधली. मग पेनल्टी शूटआउट. मॉड्रिच चुकला, इव्हान राकितिचही चुकला. क्रोएशियाचे चाहते ती रात्र वर्षानुवर्षं विसरले नाहीत.

पुढची पायरी लंडनच्या टॉटनहॅमची, आणि २०१२ मध्ये माद्रिदची. पहिल्याच हिवाळ्यात एका स्पॅनिश क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला मोसमातली सर्वांत फसलेली खरेदी ठरवलं. त्यानंतरच्या साडेपाच वर्षांत माद्रिदनं चार चॅम्पियन्स लीग जिंकल्या, आणि चारही वेळा मधल्या फळीत तो होता. याच काळात क्रोएशियाच्या संघाला काही काळ इगोर श्टिमाच यांचं प्रशिक्षण लाभलं. २०१९ पासून पाच वर्षं भारताचा संघ सांभाळला, तेच हे श्टिमाच.

आता २०१८. वर्षाची सुरुवात त्याच्यासाठी जड होती. दिनामोच्या माजी प्रमुखांवरच्या खटल्यात त्यानं दिलेल्या साक्षीवरून देशात मोठा रोष होता. लहानपणी ज्या हॉटेलांत तो निर्वासित म्हणून राहिला, त्यांतल्या एकाच्या भिंतीवर त्याला उद्देशून संतापाचं वाक्य रंगवलं गेलं होतं. मार्चमध्ये खोट्या साक्षीचं आरोपपत्र दाखल झालं. वर्ष संपायच्या आत न्यायालयानं ते फेटाळलं, पण विश्वचषकासाठी रशियाला जाताना ते डोक्यावर होतंच. आपल्याच लोकांनी शिट्ट्या मारल्या तरी त्यांचीच जर्सी घालून उतरायचं, हे देशाच्या संघातच घडतं. क्लब बदलता येतो.

२६ मे रोजी कीव्हमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. माद्रिदनं लिव्हरपूलला ३-१ असं हरवलं. गॅरेथ बेलची हवेतली उलटी किक आणि खांद्याला हात लावून रडत बाहेर गेलेला मोहम्मद सालाह, ही चित्रं जगभर गेली. लिव्हरपूलच्या बचावात त्या रात्री देयान लोव्हरेन होता, क्रोएशियाचाच. त्याचंही कुटुंब बोस्नियातलं युद्ध चुकवून जर्मनीत आश्रयाला गेलेलं. माद्रिदच्या बचावात होता फ्रान्सचा राफाएल व्हारान. तीन आठवड्यांत लोव्हरेन मॉड्रिचच्या बाजूला आला आणि सात आठवड्यांनी व्हारान समोर. त्या उन्हाळ्यात व्हाराननं चॅम्पियन्स लीग आणि विश्वचषक असे दोन्ही अंतिम सामने जिंकले, लोव्हरेननं दोन्ही गमावले.

याच दिवसांत मुंबईतही क्लब आणि देश यांचा प्रश्न उघडपणे विचारला गेला. १ जूनला अंधेरीच्या मैदानावर भारतानं चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं, सुनील छेत्रीनं तीन गोल केले, आणि ते पाहायला प्रेक्षक होते अवघे २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं एक व्हिडिओ प्रसिद्ध करून हात जोडले. युरोपातल्या मोठ्या क्लबांवर जीव टाकणाऱ्यांना त्यानं विनवलं, की आमचा दर्जा तेवढा नाही हे मान्य, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला, त्याच्या शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याला, भर पावसात मैदान भरलं. त्याच स्पर्धेच्या १० जूनच्या अंतिम सामन्यात त्यानं केनियाविरुद्ध दोन्ही गोल केले आणि ६४ आंतरराष्ट्रीय गोलांसह तो मेस्सीच्या बरोबरीला आला. चारच दिवसांनी मॉस्कोत विश्वचषक सुरू झाला आणि मुंबईच्या भिंतींवर पुन्हा ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे दिसू लागले. छेत्रीच्या त्या विनवणीत अपमान गिळण्याची तयारी होती, म्हणून ती मोलाची. आपल्या देशाच्या संघासाठी गर्दी मागावी लागणं किती कठीण असतं, ते त्या चार मिनिटांहूनही छोट्या आर्जवात ऐकू येतं.

विश्वचषकाच्या तोंडावर हीच ओढाताण स्पेनच्या मुळावर आली. त्यांचे प्रशिक्षक हुलेन लोपेतेगी यांना माद्रिदनं पुढच्या मोसमासाठी नेमल्याचं जाहीर केलं आणि स्पेनच्या महासंघानं पहिल्या सामन्याला दोन दिवस असताना त्यांना घरी पाठवलं. क्रोएशियानंही एक माणूस घरी पाठवला. नायजेरियाविरुद्ध उशिरा मैदानात उतरायला नकार देणारा निकोला कालिनिच गेला आणि संघ बावीस जणांचा उरला.

निझनी नोव्हगोरोदला त्यांनी अर्जेंटिनाला ३-० असं लोळवलं. दुसरा गोल मॉड्रिचचा होता, पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून उजव्या पायाचा, गोलरक्षकाच्या हाताला वळसा घालून गेलेला. मग बाद फेरी, पुन्हा त्याच मैदानावर, डेन्मार्कशी. चार मिनिटांत दोन्ही बाजूंचा एकेक गोल झाला आणि नंतर दोन तास काही हलेना. ११६ व्या मिनिटाला क्रोएशियाला पेनल्टी मिळाली. मॉड्रिचनं मारली, कास्पर श्माइकेलनं अडवली. व्हिएन्नाची आठवण तिथल्या प्रत्येक क्रोएशियन माणसाच्या मनात आली असणार. काही मिनिटांतच शूटआउट सुरू झालं आणि मॉड्रिच त्याच गोलरक्षकासमोर पुन्हा चेंडू ठेवायला चालत गेला. या खेपेला गोल झाला. शेवटची, विजयाची पेनल्टी राकितिचनं मारली. दहा वर्षांपूर्वी चुकलेले दोघं तेच.

गोलरक्षक दानिएल सुबाशिचनं त्या दिवशी तीन पेनल्ट्या अडवल्या. सुबाशिचही झादारचाच. त्याच्या जर्सीखाली एक बनियन असे, त्यावर ह्र्वोये चुस्तिचचा चेहरा. २००८ मध्ये झादारच्या एका सामन्यात सुबाशिचनं दिलेल्या चेंडूमागे धावताना चुस्तिच मैदानालगतच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळला होता आणि काही दिवसांनी वारला. सुबाशिच तेव्हापासून त्या मित्राला छातीवर घेऊन खेळत होता.

सोचीत यजमान रशियाशी २-२, पुन्हा शूटआउट. मॉड्रिचच्या फटक्याला गोलरक्षक अकिन्फेयेव्हचा हात लागला, चेंडू खांबावर आपटला आणि आत गेला. पुन्हा शेवटचा फटका राकितिचचा. उपांत्य फेरीत इंग्लंडनं पाचव्याच मिनिटाला आघाडी घेतली. पेरिसिचनं ती फेडली आणि जादा वेळेत मांजुकिचनं सामना जिंकून दिला. सलग तीन सामने, तीन वेळा जादा वेळ. प्रत्येकी तीस मिनिटं धरली तर क्रोएशियाचा संघ एक आख्खा सामना जास्त खेळून अंतिम फेरीत आला होता. फ्रान्सला एकदाही नव्वद मिनिटांच्या पलीकडे जावं लागलं नव्हतं, आणि विश्रांतीचा एक दिवसही त्यांना जास्त मिळाला होता.

या मिनिटांचीही किंमत ठरलेली असते. आपला खेळाडू विश्वचषकाला सोडल्याबद्दल फिफानं त्या वर्षी क्लबांना प्रत्येक खेळाडूमागे दिवसाला साधारण साडेआठ हजार डॉलर दिले. उन्हाळ्यात थकलेल्या पायांचं बिल शरद ऋतूत क्लबला येतं, हे हिशेब करणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

१५ जुलैला लुझनिकी मैदानावर फ्रान्स ४-२ असा जिंकला. पावसात पारितोषिकं दिली गेली. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ हातात घेऊन मॉड्रिच उभा होता, चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता, आणि क्रोएशियाच्या राष्ट्राध्यक्ष कोलिंदा ग्राबार-कितारोविच चौकटीची जर्सी घालून भिजत त्याला कुशीत घेत होत्या. दुसऱ्या दिवशी झाग्रेबच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. जेमतेम चाळीस लाख वस्तीच्या देशात विमानतळापासून चौकापर्यंत पोचायला संघाच्या बसला कित्येक तास लागले. काही महिन्यांपूर्वी ज्याच्यावर राग होता, त्याचंच नाव आता गर्दी घेत होती. लोकांचं प्रेम इतक्या लवकर फिरतं, याचं कौतुक करावं की त्याची धास्ती घ्यावी, हे त्या कर्णधारालाच विचारायला हवं.

वर्ष इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण झिनेदिन झिदाननं माद्रिदचं प्रशिक्षकपद सोडलं होतं, रोनाल्डो युव्हेन्टसला गेला होता. सप्टेंबरमध्ये नेशन्स लीग ही नवीकोरी स्पर्धा सुरू झाली आणि एल्चेमध्ये स्पेननं क्रोएशियाला ६-० असं चिरडलं. ऑक्टोबरअखेर बार्सिलोनानं माद्रिदला ५-१ हरवलं आणि लोपेतेगींची दुसरी नोकरीही गेली. नोव्हेंबरमध्ये झाग्रेबला क्रोएशियानं स्पेनवर ३-२ असा उलट विजय मिळवला. ३ डिसेंबरला पॅरिसमध्ये मॉड्रिचला बॅलन डी’ओर मिळाला. मेस्सी आणि रोनाल्डो यांनी दहा वर्षं आपसात वाटून घेतलेला तो चेंडू पहिल्यांदाच तिसऱ्याच्या हाती आला.

९ डिसेंबरला त्याच्या क्लबचं मैदान दुसऱ्याच खंडाच्या ताब्यात होतं. ब्युनोस आयर्समध्ये बोका ज्युनियर्सच्या बसवर दगडफेक झाल्यानं दक्षिण अमेरिकेतल्या कोपा लिबर्तादोरेसचा अंतिम सामना माद्रिदला हलवला गेला आणि रिव्हर प्लेटनं तो जिंकला. तेच रिव्हर प्लेट क्लब विश्वचषकात यजमान अल ऐनकडून हरलं, आणि २२ डिसेंबरला अबुधाबीत अल ऐनसमोर माद्रिद उभं राहिलं. पहिला गोल मॉड्रिचनं केला, डाव्या पायानं. सामना ४-१ असा संपला.

त्यानंतर दिनदर्शिका आणखी भरली. २०२४ मध्ये युरोपातल्या खेळाडूंच्या संघटनेनं आणि लीगांनी फिफाच्या वेळापत्रकाविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्पेनचा रोद्री म्हणाला होता, की खेळाडू संपाच्या जवळ आलेत. काही दिवसांतच त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. २०२५ च्या उन्हाळ्यात क्लब विश्वचषक बत्तीस संघांचा झाला. मॉड्रिच माद्रिदच्या पांढऱ्या जर्सीत शेवटचा खेळला तो याच स्पर्धेत, ९ जुलैला न्यू जर्सीमध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी. मग तो मिलानला गेला. लहानपणी झ्वोनिमिर बोबानमुळे त्याचा जीव जडला होता तो याच क्लबवर. नोव्हेंबरमध्ये क्रोएशियानं फॅरो बेटांना ३-१ असं हरवून २०२६ च्या विश्वचषकात जागा पक्की केली. स्पर्धा आता अठ्ठेचाळीस संघांची आहे, आणि ती जिंकायची तर सातऐवजी आठ सामने खेळावे लागतात.